गावी न पाठवायचा फोटो

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मोझली रोडवर अर्नेस्ट डाइच यांचा फोटो स्टुडिओ होता. व्हरायटी थिएटरमधल्या नटनट्यांचे फोटो काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. पुढे ती थिएटरं ओस पडली आणि १९५०नंतर त्याच कॅमेऱ्यासमोर जमैका, बार्बाडोस, पंजाब इथून आलेले कामगार उभे राहू लागले. अशाच एका शनिवारी साताऱ्याहून गेलेले माझे थोरले काकाही तिथल्या रांगेत उभे होते.

काका सांगत, "अगं, आठवडाभर फाउंड्रीत भाजून निघायचं आणि शनिवारी अंग घासून, सूट चढवून फोटोला जायचं. माझ्यापुढं एक जमैकन गडी होता. घड्याळ दिसावं म्हणून कोटाची बाही सारखी वर सरकवत होता. माझ्या खिशात दोन पेनं होती, त्यातलं एक मित्राचं. फोटोत सगळं खरं होतं बघ, फक्त सगळं माझं नव्हतं!" तो फोटो साताऱ्याला गेला. जमैकन गड्याचाही बोटीनं त्याच्या आईकडं गेला असणार. थंडी, ओल आलेली खोली, 'काळ्यांना जागा नाही' म्हणणारे घरमालक यांतलं काहीच त्यात दिसू द्यायचं नव्हतं.

या कामगारांच्या मुलांना मात्र फोटो पाठवायला मागं गाव उरलं नव्हतं. बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागात ती वाढली. १९६८च्या एप्रिलमध्ये याच शहरात खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध आपलं कुप्रसिद्ध भाषण केलं, आणि वर्तमानपत्रांत काळा मुलगा दिसला की खाली गुन्ह्याची बातमी, हे ठरूनच गेलं. १९६५मध्ये जमैकाहून आलेले व्हॅन्ली बर्क तेव्हा ऐन तारुण्यात होते. ते आपल्याच वस्तीत कॅमेरा घेऊन फिरू लागले. १९७०मध्ये हँड्सवर्थ पार्कात त्यांनी टिपलेला पोरगा सायकल धरून उभा आहे आणि सायकलीला युनियन जॅक लावलेला. झेंडा अभिमानानं लावलाय की खिजवायला, हे तो चेहरा काही सांगत नाही.

१९७९मध्ये डेरेक बिश्टन, ब्रायन होमर आणि जॉन रीअर्डन या तिघा फोटोग्राफरांनी हँड्सवर्थमधल्याच ग्रोव्ह लेनवर, आपल्या ऑफिसबाहेर पांढरा पडदा टांगला. कॅमेरा तिवईवर आणि बटण लांब वायरीच्या टोकाला. पडद्यापुढं उभं राहायचं आणि मनाला येईल तेव्हा आपणच दाबायचं. पाचशेहून जास्त लोकांनी ते दाबलं. कुणी जीभ काढली, कुणी कडेवर पोर घेतलं. काहींच्या मुठीतली वायरही फोटोत आली आहे.

काकांच्या शेजारची जमैकन मुलगीही तिथं जाऊन आली. मोकळे सोडलेले दाट केस, ओठावर हसू नाही. तिची आई फोटो बघून हबकली. "केस तरी बांधायचे होतेस! हा आजीला कसा पाठवू?"

पोरगी म्हणाली, "पाठवायला काढलाच नाही."

हा किस्सा काका हसत सांगत, पण बाजू आईची घेत. मला तेव्हा ती मुलगीच बरोबर वाटायची. आता वाटतं, दोघींचं एकच चाललं होतं. स्टुडिओत बटण दुसऱ्याच्या हाती असलं, तरी कोणता कोट घालायचा, कसं उभं राहायचं, काय दडवायचं, हे रांगेतल्या माणसानंच ठरवलेलं असे. फोटोग्राफर काळा आहे की गोरा, एवढ्यानं स्वतःची ओळख ठरत नाही. समोर कोण बघणार आहे, यानंही ती ठरते. गयानात जन्मलेल्या फोटोग्राफर इन्ग्रिड पोलार्ड यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस काळ्या माणसांना इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या हिरव्या कुरणांत उभं करून फोटो काढले. त्या फोटोंना बघणारा हवा होता तो तिथलाच, इंग्लंड म्हणजे गोऱ्यांचं खेडं असं समजणारा.

डाइच यांचे फोटो आता बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. तिथं नातवंडांनी जाऊन बघावेत. बनाव म्हणून हसण्याआधी त्या कोटाची बाही कुणासाठी वर सरकवली होती हे विचारावं, आणि मग आपण मोबाइलवर रोज टाकतो त्या फोटोंनाही तोच प्रश्न करावा.