भोंगा : आवाजावरून ओळख

उघड्यावर बसवलेल्या इशाऱ्याच्या भोंग्याचा प्रकार नुसता ऐकून ठरवण्याची रीत. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव-मलकापूरसारखी जिनिंग-प्रेसिंगची गावे आहेत, तशीच खडकपूर्णा (देऊळगाव राजा) आणि पेनटाकळी (मेहकर) ही धरणेही. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवून नदीकाठाला सावध करण्याची पद्धत आहे. तेव्हा कोणता भोंगा वाजतो आहे हे कानाने कळणे मोलाचे ठरते.

विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या भोंग्यात खाचांचे चाक खाचांच्याच स्थिर कड्यात फिरते आणि हवा तुटक-तुटक बाहेर फेकते. खाचांच्या संख्येला सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणले की सूर मिळतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर दोन ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. १० खाचांचे चाक त्यामुळे ४७५ हर्ट्झच्या आसपास वाजते, १२ खाचांचे ५७०च्या. बाहेरून जुळे दिसणारे असे दोन भोंगे पेटीवर लगेच वेगळे काढता येतात : पहिल्याचा सूर सा धरला, तर दुसरा कोमल गंधारावर येतो. एकाच मोटारीच्या दोन टोकांना ही दोन्ही चाके लावली की दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश भोंग्याचा काळीज चिरणारा जोडसूर मिळतो. अमेरिकेतील ‘थंडरबोल्ट’ मालिकेत १००० हा एकसुरी आणि १०००टी हा दुसुरी.

बाजारात भोंगा पल्ल्यावरून, किलोमीटरमध्ये विकला जातो, म्हणून ऐकणारा मोठेपणावर जातो. तिथेच फसगत होते. अंतर आणि वारा बदलला की लहान भोंगा मोठा वाटतो. फेरे आणि खाचा सारख्या असतील, तर दोहोंचा सूरही एकच असतो. अशा वेळी शेवट ऐकावा. जड चाक वीज तोडल्यावरही बराच वेळ घुमत खाली येते, हलके चटकन विझते. सुरुवातीवर एवढा भरवसा ठेवू नये, कारण व्होल्टेज पडलेले असले की हलके चाकही रेंगाळत चढते.

हातभोंग्याचा सूर फिरवणाऱ्याच्या दमाबरोबर हलतो. इलेक्ट्रॉनिक भोंगा एकसंध सूर पहिल्या क्षणापासून पूर्ण देतो आणि कापल्यासारखा थांबतो. त्याचा चढउतार दर खेपेला तंतोतंत तोच येतो, लोखंडी चाकाचा कधीच येत नाही.

नवख्याची नेहमीची गफलत म्हणजे चढउतारालाच भोंग्याचा प्रकार समजणे. तो संकेत असतो. नागरी संरक्षणात चढता-उतरता आवाज हवाई हल्ल्याचा, एकसंध आवाज धोका टळल्याचा. चढउतारात मोटार सतत चालू-बंद होत असल्याने चाकाचा खरा सूर स्थिरावत नाही. ओळख पटवायची तर धोका टळल्याचा एकसंध भोंगा आणि त्यामागची उतरण, एवढेच ऐकावे.