मंगळाचे दोन चंद्र : एक जवळ येणारा, एक दूर जाणारा

१/ ऑगस्ट १८७७. दख्खनमध्ये दुष्काळ होता. माणसे पावसासाठी आभाळाकडे पाहत होती. त्याच महिन्यात मंगळ पृथ्वीच्या जवळ येत होता आणि वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल २६ इंची दुर्बिणीतून त्याचे चंद्र शोधत होते.

२/ ग्रहाच्या झगमगाटात काहीच दिसेना, तेव्हा हॉल शोध सोडून देण्याच्या बेतात होते. पत्नी अँजेलिन स्टिकनी यांनी आणखी एक प्रयत्न करण्याचा आग्रह धरला. १२ ऑगस्टला डिमोस सापडला, १८ ऑगस्टला फोबोस. युद्धदेव एरीसच्या पुत्रांची ही नावे: फोबोस म्हणजे भीती, डिमोस म्हणजे दहशत.

३/ दोघेही बटाट्यासारखे ओबडधोबड. स्वतःला गोल आकार देण्याइतके गुरुत्वाकर्षण त्यांच्याकडे नाही. भोकर ते नांदेड अंतर सुमारे ५० किमी. फोबोसची सर्वांत मोठी लांबी २७ किमी, म्हणजे त्या वाटेचा साधारण निम्मा पल्ला. डिमोस जेमतेम १५ किमी.

४/ फोबोस मंगळाच्या केंद्रापासून सुमारे ९,४०० किमीवर असून ७ तास ३९ मिनिटांत फेरी पूर्ण करतो. मंगळाच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यापेक्षा हा वेग जास्त, म्हणून तो तिथे पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. सुमारे २३,५०० किमीवरील डिमोसला एका फेरीस ३० तास लागतात.

५/ फोबोसवर लांबच लांब चर आणि खोल विवरे आहेत. डिमोसची विवरे धुळीने बुजत आल्याने तो गुळगुळीत दिसतो. भारताच्या मंगळयानाने दोघांचीही छायाचित्रे टिपली.

६/ त्यांचा उगम मात्र वादग्रस्त आहे. काळपट रंग व वेडावाकडा आकार पाहता ते मंगळाने पकडलेले लघुग्रह वाटतात. पण त्यांच्या कक्षा जवळपास वर्तुळाकार आणि विषुववृत्ताच्या प्रतलात आहेत. पकडलेल्या लघुग्रहाला अशी कक्षा मिळणे अवघड. म्हणून मंगळावरील प्रचंड आघातात उडालेल्या मलब्यातून ते घडले, असाही मतप्रवाह आहे.

७/ भवितव्यही भिन्न. डिमोस हळूहळू दुरावतो आहे. फोबोस शतकाला सुमारे १.८ मीटर मंगळाकडे सरकतो. काही कोटी वर्षांत तो कोसळेल किंवा फुटून त्याचे कडे होईल.

८/ स्टिकनी स्वतः गणिती होत्या. पतीची आकडेमोड त्या करत. पुरुषांइतके वेतन मागितले, ते नाकारले गेले आणि त्यांनी ते काम थांबवले. १९७३ मध्ये फोबोसवरील सर्वांत मोठ्या, सुमारे ९ किमी व्यासाच्या विवराला ‘स्टिकनी’ हे नाव मिळाले.