गोफणीचे बळ आणि उडता कोळसा

श्रोतेहो, गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, हे आपण जाणताच. या ओढीचीच ही हकिकत. जर्मनीत फ्रित्स विंकलर यांनी १९२२ साली एका रीतीचे पेटंट घेतले. कोळशाच्या चुऱ्याखालून वायू सोडला, की थर भाताच्या आधणासारखा रटरटे. पण झोत वाढवला, की बारीक कोळसा उफणणीतल्या भुशासारखा उडून जाई. पृथ्वीची ओढ काही वाढवता येत नाही! मग पुढच्या संशोधकांनी छिद्रांचे पिंप गरगर फिरवले. कण भिंतीला दाबले गेले. बाहेरून आत जोराचा वारा सोडला, तरी ते सहजी उडेनात. शिक्षकबंधूंनो, मनीषनगर असो की उमरेड, आपला मुलूख कोळशाचा. उडालेला कण म्हणजे खाणकामगाराचा वाया गेलेला घाम, हे मुलांना गोफणीवरूनच सांगा.