नाट्यपदांची मैफल आणि आपली कीर्तने

परवा आमच्या गावी नाट्यपदांची मैफल झाली. पदे सारी प्रेमाचीच. सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी एकामागून एक आल्या. येथे इस्राएलात वाढलेली आमची मुले शेजारी बसून शब्दांचे अर्थ विचारीत होती.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, 'सौभद्र' १८८२ साली. त्यात सुभद्रा होत भाऊराव कोल्हटकर. पुढे 'मानापमाना'तली भामिनी (१९११) आणि 'स्वयंवरा'तली रुक्मिणी (१९१६) बालगंधर्वांनी गाजवल्या. स्त्रीच्या मनातले प्रेम पुरुषाच्या गळ्यातून उमटे, तरी श्रोत्यांना ते खरे वाटे.

किर्लोस्करांनी साकी, दिंडी या कीर्तनातल्या चाली नाटकात आणल्या. त्याच सुमारास मुंबईत आपल्या वाडवडिलांनीही मराठी कीर्तने सुरू केली. आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा ते साकी-दिंड्यांत गात. प्रेमपद आणि धर्मकथा अशी एकाच चालीवर वाढली.

म्हणूनच 'सौभद्रा'तली दिंडी सुरू होताच आमच्या रांगेतल्या एक आजी मांडीवर ताल धरू लागल्या. नातीने विचारले, "आजी, हे नाटक तू पाहिलंस?"

"नाही गं. ही चाल आमच्या कीर्तनातली."

आजींना योसेफाच्या आख्यानातल्या थोड्या ओळी अजून पाठ आहेत; बाकीच्या विसरल्या. नाट्यपदे ध्वनिमुद्रिकांनी जपली. आपली कीर्तने मात्र अशा म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात उरली आहेत. येत्या शनिवारी शब्बाथ सुटल्यावर आम्ही वही घेऊन आजींकडे जाणार आहोत. वाचकहो, आपल्याही घरी कोणाला विचारून पाहा.