इंडियन सुपर लीगमधील ड्राफ्ट आणि महाराष्ट्रातील संघ

इंडियन सुपर लीग या भारतीय फुटबॉल स्पर्धेत देशी खेळाडूंची संघांमध्ये वाटणी करण्यासाठी आरंभीच्या वर्षांत जी निवडपद्धत वापरली गेली, तिला ड्राफ्ट असे म्हणतात. पहिला ड्राफ्ट २२ व २३ जुलै २०१४ रोजी मुंबईत झाला आणि शेवटचा २३ जुलै २०१७ रोजी, तोही मुंबईतच. महाराष्ट्रातील मुंबई सिटी एफसी आणि एफसी पुणे सिटी हे दोन संघ या पद्धतीतून उभे राहिले. दोन्ही संघांच्या पाठीराख्यांनी प्रत्येक निवडीनंतर मोठ्या आशा बाळगल्या. पुढील दशकात एका संघाने दोनदा करंडक जिंकला, तर दुसरा अस्तित्वातच राहिला नाही. हा फरक खेळाडूंच्या निवडीतून कमी आणि संघांच्या मालकीतून व व्यवस्थापनातून अधिक पडला, असे या इतिहासावरून दिसते.

संज्ञा आणि मूळ कल्पना

मराठी वाचकाला ड्राफ्ट म्हटले की बँकेचा धनाकर्ष किंवा अर्जाचा कच्चा मसुदा आठवतो. क्रीडाक्षेत्रातील अर्थ वेगळा आहे. उपलब्ध खेळाडूंची एक यादी असते, संघ ठरलेल्या क्रमाने पाळीपाळीने एकेक नाव उचलतात आणि उचललेला खेळाडू त्या संघाचा होतो. गल्लीतल्या कबड्डीत दोन कर्णधार समोरासमोर उभे राहून गडी वाटून घेतात, त्याचेच हे कायदेशीर रूप म्हणता येईल. लिलावात ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची सरशी होते. ड्राफ्टमध्ये पैशापेक्षा पाळीला महत्त्व असते.

ही पद्धत अमेरिकन फुटबॉलमधून आली. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये अशी सूचना मांडली की, आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला महाविद्यालयीन खेळाडूंमधून पहिली निवड करू द्यावी, म्हणजे दुबळा संघ कायम दुबळा राहणार नाही. त्यानुसार फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड बेल यांच्याच संघाने केली, ती जे बरवँगर या खेळाडूची. गंमत अशी की बरवँगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. पहिल्या निवडीवर भार टाकणाऱ्या पाठीराख्यांचा अपेक्षाभंग ड्राफ्टइतकाच जुना आहे!

भारतात आलेले रूप या मूळ कल्पनेपासून बरेच दूर होते. अमेरिकेत शिक्षण संपवून येणारे नवखे खेळाडू निवडले जातात. भारतात निवडले जाणारे बहुतेक जण आय-लीगमध्ये खेळलेले, नाव असलेले खेळाडू होते. आयोजकांनी त्यांच्याशी आधी करार करून ठेवला होता आणि त्यांचे मोलही आधीच ठरलेले होते. पहिल्या वर्षी ८४ भारतीय खेळाडू करारबद्ध होते.

देशी खेळाडूंच्या निवडीला महत्त्व येण्याचे कारण नियमांत होते. पहिल्या तीन हंगामांत अकरांपैकी किमान पाच खेळाडू भारतीय असणे बंधनकारक होते. २०१७ पासून ही संख्या सहा झाली आणि २०२१ पासून सात. परदेशी तारांकित खेळाडू दोन-चार महिन्यांसाठी येत आणि जात. संघ स्वतःचा म्हणावा असे ज्यांच्याकडे पाहून वाटावे, ते हे देशी गडीच होते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील फुटबॉलप्रेमी २०१४ पर्यंत बरेच पोळलेले होते. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेतेपद मिळवले, पण २०१५ मध्ये त्याचाही कारभार आटोपला. पुण्यातला भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी हे दोन्ही संघ २०१७ नंतर राष्ट्रीय पातळीवर दिसले नाहीत. यांतील कोणताही संघ केवळ खेळ वाईट होता म्हणून बंद पडला, असे म्हणता येत नाही. संघ चालवणे मालकांना परवडेनासे झाले किंवा त्यांचे मन उडाले.

अशा भूमीत नव्या लीगचे बी पडले. मुंबईचा संघ अभिनेते रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांनी घेतला. पुण्याचा संघ वाधवान समूहाकडे गेला. आरंभी त्यात सलमान खान यांचे नाव होते, पुढे हृतिक रोशन भागीदार झाले. इटलीच्या फियोरेंतिना क्लबचे सहकार्यही पुण्याला लाभले होते.

मराठवाड्यात राष्ट्रीय लीगचा संघ कधी नव्हता. तथापि पैठण तालुक्याचा एक धागा या लीगशी जुळतो. एफसी गोवा या संघाच्या मूळ मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो यांच्याबरोबर व्हिडिओकॉन उद्योगसमूह होता. या समूहाच्या व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय औरंगाबाद-पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे होते आणि तेथील कारखान्याने परिसरातील अनेक घरांना रोजगार दिला. गोव्याने धेंपो क्लबमधील खेळाडूंच्या भरवशावर आणि ब्राझीलच्या झिको यांच्या मार्गदर्शनाखाली पहिल्या दोन हंगामांत साखळी गुणतक्त्यात अनुक्रमे दुसरे व पहिले स्थान मिळवले. कालांतराने संघाची मालकी बदलली आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. संघ मात्र टिकला.

२०१४ ते २०१६: निवड आणि निकाल

पहिल्या हंगामात मुंबईकडे निकोलस अनेल्का आणि फ्रेडी ल्युंगबर्ग, तर पुण्याकडे डेव्हिड त्रेझेगे अशी जगप्रसिद्ध नावे होती. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात मुंबईने पुण्याचा ५-० असा पराभव केला. आंद्रे मोरित्झने त्या सामन्यात लीगच्या इतिहासातील पहिली हॅट-ट्रिक नोंदवली. त्या रात्री मुंबईच्या पाठीराख्यांना करंडक जवळ आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. हंगामाअखेर मात्र आठ संघांत पुणे सहावे आणि मुंबई सातवी होती.

१० जुलै २०१५ रोजी ड्राफ्टबरोबरच दहा नामवंत भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. दोन्ही सर्वोच्च बोली महाराष्ट्रातून लागल्या. ८० लाख रुपये मूळ किंमत असलेल्या सुनील छेत्रीला मुंबईने १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. युजीनसन लिंगडोहसाठी पुण्याने १ कोटी ५ लाख रुपये मोजले आणि जॅकिचंद सिंगलाही आपल्याकडे आणले. लिंगडोह त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणजे पारख चुकीची नव्हती. छेत्रीनेही निराश केले नाही. त्याने सात गोल केले आणि लीगमध्ये हॅट-ट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. पुण्याने बालेवाडीत मुंबईला ३-१ असे हरवून हंगामाची सुरुवात केली. इतके असूनही अंतिम गुणतक्त्यात मुंबई सहाव्या व पुणे सातव्या स्थानावर राहिले.

या निकालांचे एक कारण पद्धतीतच दडलेले होते. तेव्हा लीग ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच चाले. त्यानंतर खेळाडू आपापल्या आय-लीग क्लबांकडे परतत. छेत्री हा मूळ बंगळुरू एफसीचा खेळाडू होता. २०१७ मध्ये बंगळुरू एफसी याच लीगमध्ये दाखल झाला, तेव्हा तो तिकडेच गेला. ज्या खेळाडूवर आशा ठेवायची तो वर्षातले नऊ महिने आपला नसे, आणि पुढच्या वर्षी असेल याची खात्री नसे. प्रशिक्षकही दरवर्षी बदलत. पुण्याने पहिल्या तीन हंगामांत तीन प्रशिक्षक आणले: फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट आणि आंतोनियो हबास.

२०१६ मध्ये डिएगो फोर्लानच्या मुंबईने साखळीत पहिला क्रमांक मिळवला, परंतु उपान्त्य फेरीत कोलकात्याकडून हार पत्करली. पुणे पुन्हा सहाव्या स्थानी राहिले.

२०१७ चा ड्राफ्ट

बंगळुरू आणि जमशेदपूर यांच्या प्रवेशाने संघ दहा झाले व लीग पाच महिन्यांची झाली. जुन्या संघांना प्रत्येकी दोन अनुभवी आणि तीनपर्यंत एकवीस वर्षांखालील भारतीय खेळाडू राखून ठेवण्याची मुभा मिळाली. बाकीचे यादीत गेले. पहिली निवड जमशेदपूरने केली, १ कोटी १० लाख रुपये मोल असलेल्या अनस एडाथोडिकाची.

या ड्राफ्टचे महाराष्ट्राच्या दृष्टीने मोल मोजायचे झाल्यास दोन खेळाडूंकडे पाहावे. पहिला गोलरक्षक अमरिंदर सिंग. मुंबईने त्याला यादीत जाऊ न देता राखून ठेवले. चार वर्षांनी मुंबईचा पहिला करंडक उचलणारा कर्णधार तोच होता. दुसरा मुंबईत जन्मलेला बचावपटू राहुल भेके. तो यादीत असताना बंगळुरूने त्याला उचलले. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर, म्हणजे स्वतःच्याच शहरात, त्याने अंतिम सामन्यात एफसी गोव्याविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल केला, तो बंगळुरूसाठी. २०२१ मध्ये तो मुंबईकडे आला आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवणाऱ्या मुंबईचे नेतृत्व त्याने केले. ड्राफ्टच्या दिवशी या दोन निर्णयांची तोलणी करणे कोणालाही शक्य नव्हते.

यानंतर ड्राफ्ट घेतला गेला नाही. संघ खेळाडूंशी थेट बहुवर्षीय करार करू लागले.

पुण्याचा उदय आणि अस्त

एफसी पुणे सिटीच्या पाठीराख्यांच्या आशेला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो २०१७-१८ मध्ये. बंद पडलेल्या पुणे एफसीची प्रबोधिनी या संघाने आधीच आपल्याकडे घेतली होती. तेथे घडलेल्या आशिक कुरुनियनला स्पेनच्या व्हियारेयाल क्लबमध्ये शिकायलाही पाठवण्यात आले होते. आदल्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो हे दोघे दाखल झाले. प्रशिक्षक रांको पोपोविच यांच्या हाताखाली संघ चौथा आला आणि प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला. बालेवाडीतला पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ११ मार्च २०१८ रोजी बंगळुरूत पुणे ३-१ असे हरले. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे होते.

नारंगी पोशाखामुळे ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवून घेणाऱ्या पाठीराख्यांना पुढचे वर्ष आपले वाटणे स्वाभाविक होते. संघ तरुण होता आणि प्रबोधिनीतून मुले वर येत होती. पण पोपोविच यांच्या जागी आलेल्या मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर दूर करण्यात आले, प्रद्युम्न रेड्डी यांनी काही काळ धुरा वाहिली आणि मग फिल ब्राऊन आले. एका हंगामात तीन प्रशिक्षक! संघ सातव्या स्थानी घसरला. २०१९ च्या उन्हाळ्यात आर्थिक अडचणींच्या बातम्या आल्या आणि ऑगस्टमध्ये लीगमधील पुण्याची जागा नव्याने स्थापन झालेल्या हैदराबाद एफसीला देण्यात आली. वाधवान कुटुंबाशी निगडित डीएचएफएल या वित्तसंस्थेचे संचालक मंडळ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बरखास्त केले.

प्रशिक्षक ब्राऊन यांच्यासह अनेक खेळाडू हैदराबादला गेले. २० मार्च २०२२ रोजी हैदराबादने मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून करंडक जिंकला, तेव्हा त्या संघात आशिष राय आणि निखिल पुजारी हे पुण्याचे माजी खेळाडू होते. म्हणजे पुण्याच्या पाठीराख्यांनी ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांतले काही जण खरोखरच विजेते झाले. त्यांची पारख खोटी ठरली नाही. ठरला तो केवळ पोशाखाचा रंग दुसरा.

मुंबईतील स्थैर्य

२८ नोव्हेंबर २०१९ रोजी मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या पाठीराख्यांच्या संघटनेला इतकी वर्षे हवे होते ते यातून आले: दीर्घ पल्ल्याचा विचार करणारे कार्यालय. २०२० मध्ये गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि त्यांच्याबरोबर मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूस व मंदार राव देसाई हे खेळाडू आले. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल केला तो मात्र २०१८ पासून संघात असलेल्या मणिपूरच्या बिपिन सिंगने. त्या हंगामात मुंबईने साखळी ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले. २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल आणि २०२४ मध्ये पुन्हा करंडक मिळाला.

गोव्याच्या पाठीराख्यांना २०२० ची ही भरती आपल्या घरावरचा दरोडा वाटली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. ड्राफ्टमध्ये अशी उचलाउचल शक्य नव्हती. ड्राफ्ट गेल्याने खेळाडूला करारस्वातंत्र्य मिळाले आणि श्रीमंत संघाला वाव मिळाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

नंतरच्या घडामोडी

लीगच्या व्यावसायिक हक्कांचा महासंघाशी असलेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याच्या नूतनीकरणाच्या अनिश्चिततेमुळे २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. त्याच महिन्यात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. पुण्याची जागा घेतलेला हैदराबादचा संघ त्याआधी ऑक्टोबरमध्ये दिल्लीस हलवण्यात येऊन त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवण्यात आले. २०१९ नंतर पुण्याचा कोणताही संघ या लीगमध्ये खेळलेला नाही.