सामुरीच्या झेंड्याखालचा जिहाद

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलबारमधल्या पोन्नानी या बंदरगावात शेख झैनुद्दीन मखदूम या धर्मशास्त्र्याने अरबीत एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'तुहफतुल मुजाहिदीन'. ग्रंथ अर्पण केला आहे विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला. हा सुलतान 1580 मध्ये मारला गेला आणि ग्रंथातल्या नोंदी तर 1583 पर्यंत येतात. तेव्हा लेखन बरीच वर्षे चालले असावे. ग्रंथाचे भाग चार. पहिल्यात जिहादचे नियम आणि पुण्य, दुसऱ्यात मलबारमध्ये इस्लाम कसा आला याची हकीकत, तिसऱ्यात तिथल्या हिंदूंच्या चालीरीती आणि चौथ्यात 1498 नंतर पोर्तुगिजांनी केलेल्या उत्पाताचा इतिहास. फिरंग्यांविरुद्ध शस्त्र उचलणे हे मुसलमानांचे धर्मकर्तव्य आहे, असे झैनुद्दीन निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. आणि ज्या राजाच्या झेंड्याखाली हे युद्ध लढले जात होते तो कालिकतचा सामुरी, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतला झामोरिन, हिंदू होता हेही तो तितक्याच मोकळेपणाने लिहितो. जिहाद म्हणजे काफिरांविरुद्धचे न संपणारे युद्ध, असे एक बाजू आज सांगते. जिहाद म्हणजे केवळ स्वतःच्या वासनांशी झगडा, असे दुसरी बाजू सांगते. भारताच्या किनाऱ्यावर लिहिल्या गेलेल्या या सर्वांत स्पष्ट जिहादग्रंथात या दोन्ही व्याख्या बसत नाहीत. जिहादचा अर्थ एकेका काळी, एकेका ठिकाणी, कोणता अन्याय कोणावर झाला आणि दाद मागायला कोणता राजा होता यावरून ठरत गेला, हे मलबारच्या उदाहरणावरून जितके लख्ख दिसते तितके क्वचितच दिसते.

आधी शास्त्र पाहू. झैनुद्दीन शाफई पंथाचा. कोकणी मुसलमानही याच पंथाचे. त्याचा 'फतहुल मुईन' हा फिकहवरचा, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यावरचा, ग्रंथ केरळपासून इंडोनेशियापर्यंतच्या मदरशांत शिकवला जातो, त्यामुळे तो कोणी भडक माथ्याचा प्रचारक नव्हता. त्याच्या परंपरेत जिहादचे दोन दर्जे आहेत. शत्रू स्वतःच्याच मुलखात असेल तर जिहाद हे समाजाचे सामुदायिक कर्तव्य; काहींनी पार पाडले की बाकीचे मोकळे. शत्रू मुसलमानांच्या वस्तीवर चालून आला तर मात्र ते प्रत्येकावर बंधनकारक होते. यातला पहिला प्रकार राज्यविस्ताराच्या काळातला आहे आणि त्यात मुलूख जिंकण्याची मुभा आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. मध्ययुगीन फिकहमध्ये ते उघड लिहिलेले आहे. झैनुद्दीनने पोर्तुगिजांना लावला तो दुसरा नियम. अंतरीच्या झगड्याला 'मोठा जिहाद' म्हणणारे प्रेषितांचे म्हणून सांगितले जाणारे वचन आहे, पण त्याची परंपरा कच्ची असल्याचे अनेक हदीसतज्ज्ञांचे मत आहे. तरीही सूफींनी तो विचार शतकानुशतके जोपासला, आणि मखदूम घराणे त्याच सूफी वळणाचे होते. झैनुद्दीनच्या आजोबांनी, ज्यांचेही नाव झैनुद्दीनच, साधकांना मार्ग दाखवणारे 'हिदायतुल अजकिया' हे काव्य लिहिले आणि पोर्तुगिजांविरुद्ध जिहादला उद्युक्त करणारे दुसरे एक काव्यही लिहिले. अंतरीचा जिहाद खरा की तलवारीचा, असा प्रश्न या माणसांना पडलेला दिसत नाही.

मग त्यांना शस्त्राकडे वळवले कशाने? 1498 मध्ये पोर्तुगीज येण्यापूर्वी कालिकतच्या बाजारात अरब, गुजराती आणि स्थानिक माप्पिळा मुसलमान व्यापारी मिरी, आले आणि दालचिनीचा व्यापार करत होते, आणि जकातीवर सामुरीचा खजिना भरत होता. पोर्तुगिजांना यातला वाटा नको होता, सगळा व्यापारच हवा होता. 1502 मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. 1510 मध्ये कालिकतवरच्या हल्ल्यात तिथली मोठी मशीद पेटवण्यात आली; त्याच वर्षी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. याच काळात समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येक जहाजाला 'कार्ताझ' नावाचा पोर्तुगीज परवाना घ्यावा लागू लागला; नसेल तर माल जप्त, जहाज जप्त, खलाशी गुलाम. खुला समुद्र कोणाच्या मालकीचा असू शकतो ही कल्पनाच हिंदी महासागराच्या काठावर नवी होती. झैनुद्दीनच्या चौथ्या भागात या गोष्टींची यादी येते: मशिदी पाडणे, हजला जाणाऱ्यांना अडवणे, बायकांची विटंबना, जबरदस्तीचे धर्मांतर, आणि त्याच दमात मिरीच्या व्यापारातून मुसलमानांना हुसकणे.

या पार्श्वभूमीवर सामुरीविषयी तो काय लिहितो ते महत्त्वाचे आहे. मलबारच्या मुसलमानांना स्वतःचा सुलतान नाही, त्यांच्यावर हिंदू राजांची सत्ता आहे, तरीही ते मानाने राहतात, असे तो सांगतो. मशिदी बांधायला अडथळा नाही, काजी आणि मुअज्जिन यांच्या वेतनाची सोयही हे राजे करतात. सामुरीने या युद्धात पैसा ओतला, दूरदूरच्या मुसलमान सुलतानांना मदतीसाठी पत्रे लिहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी दाद दिली नाही. या शेवटच्या गोष्टीची चीड झैनुद्दीनला लपवता येत नाही. दीनाच्या नावाने गादीवर बसलेले स्वस्थ राहिले आणि काफिर राजा लढला, असाच त्याच्या कथनाचा रोख आहे. 1571 मध्ये सामुरीच्या नायर सैनिकांनी आणि मुसलमान लढवय्यांनी मिळून चालियमचा पोर्तुगीज किल्ला घेतला. हा किल्ला 1531 मध्ये बांधताना पोर्तुगिजांनी तिथली मशीद पाडली होती. सामुरीने किल्ला जमीनदोस्त केला आणि त्याच्या दगडालाकडाचा काही भाग ती मशीद पुन्हा उभारायला दिला. कालिकतचे काजी मुहम्मद यांनी या विजयावर 'फतहुल मुबीन' हे अरबी काव्य रचले आणि त्यात सामुरीचे गुणगान केले. काजीने हिंदू राजाच्या विजयाचे काव्य रचावे, हे त्या काळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

याच काळातला एक दाखला उत्तरेतला आहे. अकबराच्या दरबारातले मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी, त्याच दरबारातल्या इतिहासकार बदायुनीच्या म्हणण्याप्रमाणे, हज आता बंधनकारक नाही असा निवाडा दिला: खुष्कीच्या वाटेवर इराणच्या शिया सफवींचा मुलूख लागतो, आणि समुद्रमार्गाने जायचे तर येशू-मरियमची चित्रे असलेला फिरंग्यांचा परवाना बाळगावा लागतो. बदायुनी या मौलवीवर खार खाऊन होता हे खरे, पण गोष्ट मार्मिक आहे. परवाना तोच. आग्र्याकडच्या शास्त्र्याने त्यातून हजपासून सुटका काढली, पोन्नानीच्या शास्त्र्याने युद्धाचे कर्तव्य काढले. एकाला समुद्राशी घेणेदेणे नव्हते, दुसऱ्याच्या दारात तो होता.

यावर आक्षेप येतील, आणि ते यायलाच हवेत. पहिला असा की हे सारे मिरीच्या नफ्यासाठीचे युद्ध, धर्माचा फक्त मुलामा. नफा होताच. पण मशीद जळाली आणि गोदाम जळाले, या दोन दुःखांची विभागणी त्या व्यापाऱ्याच्या मनात होत नव्हती. ती आपण नंतर करतो. नुसता हिशेबच असता तर परवाना घेऊन धंदा करणे स्वस्त पडले असते, आणि पुष्कळांनी तसे केलेही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामुरीची स्तुती ही गरजेपोटीची तडजोड होती. झैनुद्दीन सामुरीला काफिरच मानतो, त्याचा ग्रंथ एका सुलतानाला उद्देशून आहे, त्यात सर्वधर्मसमभाव शोधू नये. हे मान्य. त्याला आधुनिक उदारमतवादी ठरवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पण युक्तिवाद त्याच्या मनाच्या मोठेपणावर उभा नाही. बिगरमुसलमान राजाच्या आधिपत्याखाली, त्याच्या सैन्याच्या खांद्याला खांदा लावून केलेले युद्ध जिहाद ठरू शकते, हे एका कसलेल्या शाफई पंडिताला शास्त्राबाहेरचे वाटले नाही, इतकेच सांगायचे आहे.

सुलतानांनी मात्र आपापला हिशेब केला. 1570-71 मध्ये अली आदिलशहाने गोव्याला आणि मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, तेव्हा झैनुद्दीनची हाक ऐकली गेली असे वाटावे. पण महिनोन्‌महिने झुंजूनही दोन्ही वेढे फसले आणि दोघांनीही पोर्तुगिजांशी तह केले. पुढे सामुरीही बदलला. कुंजाली मरक्कार हे त्याचे मुसलमान आरमारप्रमुख. चौथा कुंजाली स्वतःच राजा असल्यासारखा वागू लागल्यावर सामुरीने थेट पोर्तुगिजांशी हातमिळवणी केली, आणि 1600 मध्ये शरण आलेल्या कुंजालीचा पोर्तुगिजांनी गोव्यात शिरच्छेद केला.

तिसरा आक्षेप याच भूमीतला आहे आणि तो टाळता येणार नाही. याच मलबारात एकोणिसाव्या शतकात माप्पिळांचे उठाव झाले. हौतात्म्याची तीच भाषा आता हिंदू जमीनदार आणि इंग्रज अधिकारी यांच्याविरुद्ध वापरली गेली. 1855 मध्ये कलेक्टर कोनोलीचा खून झाला, आणि 1921 च्या उठावात हिंदूंच्या हत्या आणि जबरीची धर्मांतरे झाली. स्टीफन डेल यांच्यासारख्या इतिहासकाराने पोर्तुगीज काळापासून 1921 पर्यंत या परंपरेचा सलग धागा दाखवला आहे. धागा आहे, यात वाद नाही. पण धाग्याची दोन टोके सारखी नाहीत. मधल्या काळात सामुरीचे राज्य म्हैसूरकरांनी आणि मग ईस्ट इंडिया कंपनीने संपवले, जमिनीवरचे जमीनदाराचे हक्क इंग्रजी कायद्याने पक्के केले, आणि ज्याच्या झेंड्याखाली दाद मागावी असा राजाच उरला नाही. यामुळे 1921 च्या हत्यांचे समर्थन होत नाही. भाषा तीच राहून लक्ष्य कसे बदलले, एवढेच कळते. 'तुहफत'चा पहिला भाग पुरावा म्हणून दाखवणाऱ्याने चौथा भागही वाचायला हवा, आणि चौथ्या भागावर खूश होणाऱ्याने 1921 वगळता कामा नये.