पातेल्यातला पंच : एका मुंबईकर प्रमाणाचे विवेचन

इ.स. १६९४ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने पंचाबद्दल एक हुकूम काढला. खानावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा रत्तल साखर आणि अर्धा पाइंट चांगला लिंबाचा रस मागता येईल आणि त्यातून त्याने आपला पंच स्वतःच बनवावा, असा त्याचा आशय. कॉकटेलचे प्रमाण सरकारी दप्तरात इतक्या नेमकेपणाने नोंदले गेल्याची उदाहरणे विरळाच. घरी मित्रांसाठी कॉकटेल करायचे तर ते पंचच असावे, आणि त्यासाठी हेच माप आजही उत्तम आहे, असे माझे ठाम मत आहे.

मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला एकाच भांड्यात एकत्र केलेले पेय म्हणजे पंच. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात तो १६३२ पासून भेटतो. मांडेल्सलो या जर्मन प्रवाशाला १६३८ मध्ये तो सुरतेच्या वखारीत दिसला. तिथे मद्य, लिंबूरस आणि साखर यांच्या जोडीला गुलाबपाणीही होते. बारमधले कॉकटेल एकेका पेल्यापुरते, गिऱ्हाइकासमोर हलवून केले जाते. त्यासाठी बर्फाचा अखंड पुरवठा लागतो आणि दुसऱ्या कामात नसलेला माणूस लागतो. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात यजमानच हलवणारा झाला, तर दर वीस मिनिटांनी तो ओट्यापाशी आणि मित्र बाहेरच्या खोलीत. पंचाचे काम पाहुणे येण्याआधीच उरकते. शिवाय सगळे एकाच भांड्यातून घेतात, म्हणून प्रत्येकाच्या पेल्यात तेच आणि तेवढेच पडते.

आता मद्य. गोव्याची अरक ही माडीपासून गाळलेली. माडाच्या पोयीतून टिपलेला रस गोड असतो. काही तासांतच यीस्टमुळे तो आंबू लागतो, आणि आंबलेली माडी भट्टीवर गाळली की अरक मिळते. ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९च्या सुमारास या किनाऱ्यावर होता. बंगालची अरक गोव्याच्या अरकेपेक्षा पुष्कळ कडक, पण पंचासाठी युरोपीय लोक दोन्ही वापरतात, असे तो नोंदवतो. माडी मुंबईतही होतीच. गिरगावपासून दादर-माहीमपर्यंत माडांच्या वाड्या होत्या आणि झाडावर चढणारे भंडारी होते. १८७८च्या अबकारी कायद्याने त्यांचा हा पिढीजात धंदा कर आणि परवान्यांत जखडला. शहराच्या इतिहासातला हा अन्याय अजून पुरेसा सांगितला गेलेला नाही. माडाची फेणी आजही गोव्यात मिळते, पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणता येत नाही. म्हणून आपण साधी गडद रम घेऊ. ती परवानाधारक दुकानातली, सीलबंदच हवी. मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, हे विसरून चालणार नाही.

क्वार्ट त्या काळच्या मद्यमापाचा धरला तर तो सुमारे ९४६ मिलिलिटर होतो, आणि अर्धा रत्तल म्हणजे २२७ ग्रॅम. आपली बाटली ७५० मिलिलिटरची. त्या हिशेबाने लिंबूरस सुमारे १९० मिलिलिटर आणि साखर १८० ग्रॅम. एका कागदी लिंबातून साधारण १२ मिलिलिटर रस निघतो, तेव्हा सोळा लिंबे लागतील. एप्रिल-मेमध्ये ही खरेदी जड जाते. दीप अमावास्येच्या सुमारास लिंबू रसाळही असते आणि स्वस्तही, आणि लालबाग-परळात मंडळी जमण्याचा हंगामही तोच.

पाणी किती, हा खरा प्रश्न. रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे बाटलीत ३२१ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. रस आणि विरघळलेली साखर धरून मिश्रण एक लिटरच्या थोडे वर जाते. त्यात दीड लिटर पाणी घातले की एकूण सुमारे २,५५० मिलिलिटर, आणि तीव्रता साडेबारा टक्के, म्हणजे वाइनइतकी. यात एक सोय आपोआप साधते. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगने बाटलीचे २५ पेग होतात, आणि १०० मिलिलिटरच्या पेल्याने या पातेल्याचे २५ पेले. एक पेला म्हणजे एक छोटा पेग. कोणी किती घेतली याचा हिशेब पेले मोजून कळतो. पाण्याशिवाय हेच मिश्रण तीस टक्क्यांचे असते, आणि गोड-आंबट चव त्याची धार लपवते. तिथेच माणसे फसतात.

पेल्यामागे साखर सात ग्रॅम पडते. बाटलीबंद कोलात तेवढ्याच मापाला ती साडेदहाच्या आसपास असते. कोमट असताना पंच गोड वाटला तरी लिंबू वाढवू नये. थंडीत गोडवा कमी जाणवतो, म्हणून चव थंड झाल्यावरच घ्यावी.

१६९४ मध्ये मुंबईत बर्फ नव्हता. बोस्टनहून जहाजाने तो आला १८३४च्या सुमारास. आपल्याकडे फ्रीझर आहे, तर पाण्याचा एक भाग बर्फाने द्यावा. खोलीचे तापमान ३० अंश धरले, तर मिश्रण ५ अंशांवर आणताना सुमारे अर्धा किलो बर्फ वितळतो. म्हणून पाणी एक लिटरच घालायचे, उरलेले अर्धा लिटर बर्फ देईल. बर्फ स्टीलच्या डब्यात गाळलेल्या पाण्याचा, एकसंध लादीसारखा लावावा. वजनाच्या मानाने लादीचा पृष्ठभाग कमी, म्हणून सुरुवातीचा गारवा आल्यावर ती चुऱ्यापेक्षा सावकाश वितळते आणि शेवटचा पेला पाणचट होत नाही.

कृतीत घाई नको. सहा लिंबांची फक्त हिरवी साल खिसून साखरेत चोळावी आणि तासभर झाकून ठेवावी. सुगंध सालीतल्या तेलात असतो, आणि साखर ते शोषून घेते. खालचा पांढरा भाग आला तर कडवटपणा उतरतो. मग रस आणि पाणी घालून साखर विरघळवावी व गाळावे. पातेले स्टीलचे, काचेचे किंवा चिनीमातीचे हवे. कल्हई नसलेल्या पितळेशी किंवा ॲल्युमिनियमशी आम्लाची क्रिया होते. न पिणाऱ्यांसाठी याच टप्प्यावर सरबत वेगळे काढावे आणि त्या मानाने रमही कमी घालावी. रम सर्वांत शेवटी, मग बर्फ, आणि वर ताजे किसलेले जायफळ, अगदी चिमूटभर.

पंच उरलाच तर बर्फ काढून काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी लिंबाचा ताजेपणा उतरलेला असतो. अर्धे लिंबू पिळले की पेला पुन्हा जमतो.